कच्च्या वहीतील डाग

हळदीचे सौदे फेब्रुवारीपासून भरात येतात आणि मार्चअखेरही नेमकी त्याच दिवसांत येते. सांगलीत अडतीचा धंदा करणाऱ्या घरांना हा दुहेरी भार नवा नाही. दिवसा आवारात लिलाव, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, रात्री खतावणी, आणि त्यातच दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचे विवरणपत्र. अशा दिवसांत पेढीचा संगणक आजारी पडणे म्हणजे ऐन लग्नात आचारी निघून जाण्यासारखे असते. काही वर्षांपूर्वी एका घरावर हा प्रसंग आला, आणि तोही अशा संगणकामुळे, जो घरातल्याच मुलीने आपल्या हातांनी जोडला होता.

त्या घराची एक जुनी जखम आधी सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेढीत शिरले. संगणक पाण्याखाली गेला, आणि त्याच्याबरोबर तीन वर्षांचा हिशेब. बॅकअप घेतलेला होता. पण तो ज्या पेनड्राइव्हवर होता तो त्याच टेबलाच्या खणात ठेवलेला होता. पुढचे पाच महिने भिजलेली बिले दोरीवर वाळवून, व्यापाऱ्यांकडून उतारे मागवून, सारा हिशेब नव्याने उभा करावा लागला. २००५ च्या पुराने हरिपूरच्या पेवांतील हळद नासल्याची आठवण या भागात अजून ताजी आहे. पण माल गेला तर किती गेला हे तरी कळते. हिशेब गेला म्हणजे कोणाचे किती द्यायचे आणि कोणाकडून किती यायचे, हेच कळेनासे होते. त्या पाच महिन्यांनंतर संगणकाने जरा आवाज केला तरी घरातील माणसे दचकत असत.

म्हणूनच जानेवारीत, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने सुटे भाग आणून नवा संगणक जोडण्याची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या वडिलांनी प्रथम नकारच दिला. तयार संगणक घ्यावा, बिघडला तर कंपनीचा माणूस येतो, असे त्यांचे म्हणणे. मुलीचे म्हणणे असे की तेवढ्याच पैशांत दुप्पट क्षमतेचे यंत्र होते आणि पुढे एखादाच भाग बदलता येतो. निर्णय थोरल्या अण्णांवर आला. अण्णांनी वयाच्या सोळाव्या वर्षापासून पन्नास वर्षे गादीवर बसून किर्द आणि खतावणी लिहिलेली. संगणकाला त्यांचा हात क्वचितच लागत असे. त्यांनी एवढेच विचारले, "पोरी, जोडता येतं का तुला?" तिने हो म्हटले. "मग आण," असे सांगून ते जेवायला उठले.

दोन संध्याकाळींत यंत्र उभे राहिले. मदरबोर्ड, प्रोसेसर, विजेचा पुरवठा करणारा डबा, एसएसडी, आणि रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या. या घरात ‘पट्टी’ म्हणजे शेतकऱ्याला मालविक्रीनंतर देण्याचा हिशेबाचा कागद. तेव्हा रॅमलाही पट्टीच म्हणतात याची काकूंना बरीच गंमत वाटली. पहिले नऊ दिवस यंत्र उत्तम चालले. जुन्या संगणकावर वर्षाचा उतारा काढायला चहा पिऊन होत असे, तो आता कप उचलण्याआधी हजर होऊ लागला.

दहाव्या दिवशी, एका शेतकऱ्याची पट्टी छापत असताना, पडदा निळा झाला. त्यावर एक इंग्रजी वाक्य उमटले आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. तीन दिवसांनी पुन्हा तेच, पण वाक्य निराळे. मग आठवड्यात चार वेळा. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. दर वेळी आजाराचे नाव नवे. घरात ज्याचे त्याचे निदान सुरू झाले. वडिलांच्या मते विजेचा दाब कमी-जास्त होत होता. परंतु यंत्र यूपीएसवर होते आणि त्याच यूपीएसवरचा प्रिंटर सुखाने चालला होता. काकूंना टेबलाची दिशा चुकल्यासारखे वाटले, आणि टेबल फिरवलेही गेले. चुलत भावाने स्पष्टच सांगितले की घरी जोडलेल्या वस्तूचे असेच व्हायचे. मुलगी यावर काही बोलली नाही; पण ते तिला लागले होते.

अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच तिनेही केले: एका रात्रीत सगळे बदलले. ड्रायव्हर नवे घेतले, मदरबोर्डचा बायोस अद्ययावत केला, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, आणि शेवटी विंडोजच पुसून नव्याने घातले. दोन दिवस यंत्र नीट चालले. तिसऱ्या दिवशी निळा पडदा परत आला. आता अडचण अशी की, दोन दिवस जे बरे वाटले ते कशामुळे, हे सांगण्याचा मार्गच उरला नव्हता.

विंडोजमध्ये घटनांची नोंदवही असते. तीत तिला प्रत्येक बंद पडण्यासमोर ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद मिळाली. पुष्कळ लोक ही नोंद पाहून विजेच्या डब्याला दोषी धरतात आणि नवा डबा विकत घेऊन मोकळे होतात. वास्तविक त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की यंत्र नेहमीच्या रीतीने बंद न होता पुन्हा सुरू झाले. सकाळी येऊन पाहिले तर गोदामाचे दार उघडे होते, असे राखणदाराने लिहून ठेवावे, तसे ते आहे. दार कोणी उघडले हे राखणदाराला ठाऊक नसते.

४ मार्चला मात्र प्रकरण हातघाईवर आले. सकाळी हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडले तर त्याने पेढीची माहिती उघडण्यास नकार दिला. फाइल खराब झाली होती. वडील खुर्चीत बसले ते दहा मिनिटे उठले नाहीत. या खेपेला बॅकअप टेबलाच्या खणात नव्हता, घरी कपाटात होता आणि तीनच दिवसांपूर्वीचा होता. तेवढ्याने त्यांचा जीव खाली पडला. पण मुलीच्या मनात दुसरीच शंका आली, आणि ती तिने संध्याकाळी अण्णांना एकटे गाठून सांगितली. तो बॅकअपही याच यंत्रावर घेतलेला होता. यंत्र जर आकडे बिघडवत असेल, तर बॅकअपमधले आकडे खरे कशावरून?

तिने अण्णांना रॅमचे काम त्यांच्याच भाषेत सांगितले. एसएसडी ही पक्की वही. तिच्यात जे लिहिले जाते ते वीज गेली तरी राहते. रॅम ही गादीवरची कच्ची वही. जे काम चालू आहे ते सारे आधी तिच्यावर टिपले जाते, आणि तिथून पक्क्या वहीत उतरते. वीज गेली की कच्ची वही कोरी. आता कच्च्या वहीच्या एखाद्या पानावर डाग असेल आणि त्या डागावर लिहिलेला सातचा एक होत असेल, तर पक्क्या वहीत तो एक म्हणूनच, सुवाच्य अक्षरात, उतरेल. पक्की वही पाहून कोणालाच चूक दिसणार नाही.

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बंद पडतंय ते बरंच आहे. काम सोडून घरी गेलेला मुनीम परवडला, चुकीचा आकडा लिहून रोज हजर राहणारा नको."

इथून पुढे त्या तपासाला शिस्त आली, आणि ती आणली संगणक न वापरणाऱ्या माणसाने. जुन्या मुनिमांना तेरीज जुळत नसली की आरडाओरडा करून भागत नसे. फरक किती, हे ते आधी पाहत. फरकाला ९ ने नि:शेष भाग गेला, तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटसुलट झालेले असतात, ५४ चे ४५. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद कुठे सापडली, तर ती जमेची नावे किंवा नावेची जमा पडलेली असण्याचा संभव. तरीही पत्ता लागला नाही तर खतावणीचे दोन भाग करायचे, कोणता भाग जुळतो ते पाहायचे, आणि न जुळणाऱ्या भागाचे पुन्हा दोन. या साऱ्यात एक नियम कधी मोडायचा नाही: शोध चालू असताना दोन दुरुस्त्या एकदम करायच्या नाहीत. अण्णांनी पुतणीच्या हाती लाल पुठ्ठ्याची एक कोरी वही दिली आणि रकाने स्वतः आखून दिले. तारीख, वेळ, यंत्र काय करीत होते, पडद्यावर काय उमटले, त्याआधी काय बदलले होते. शेवटचा रकाना त्यांनी मुद्दाम रुंद ठेवला.

मागच्या पाच आठवड्यांतील जेवढे आठवले तेवढे तिने त्या वहीत लिहिले, आणि लिहितानाच काही गोष्टी उघड्या झाल्या. यंत्र तापून बंद पडत असावे असा तिचा पहिला संशय होता. पण दोन वेळा ते सकाळी नुकतेच सुरू केल्यावर, काही काम नसताना बंद पडले होते. म्हणजे उष्णता नव्हे. एखादाच ड्रायव्हर सदोष असता तर साधारणपणे दर वेळी त्याचेच नाव पुढे आले असते. इथे दर वेळी नवे नाव होते. ज्या प्रोग्रामचा मजकूर डागावर पडला तो कोसळला, आणि आजाराला त्याचे नाव मिळाले, असे मानले तर सगळ्या नोंदी एका ओळीत बसत होत्या. त्यातच विंडोज नव्याने घालताना एकदा ‘फाइल खराब आहे’ म्हणून काम अडले होते, आणि तोच पेनड्राइव्ह मैत्रिणीच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालला होता. त्या वेळी तिने पुन्हा प्रयत्न केला, जमले, आणि ती विसरून गेली होती.

खात्रीसाठी तिने एक साधी परीक्षा केली. चार जीबीची एक मोठी फाइल घेऊन तिची ‘छाप’ काढली. फाइलमधील सर्व मजकुरावरून गणिताने काढलेली ही लांबलचक संख्या असते. मजकुरात एका अक्षराचा फरक पडला तरी ती पार बदलते. एकाच फाइलची छाप दहा वेळा काढली तर दहाही वेळा तीच यायला हवी. तिला तीन निरनिराळ्या छापा मिळाल्या. फाइल जागची हलली नव्हती; वाचणाराच अडखळत होता.

यंत्राच्या हिशेबावर माणसाने शंका घ्यावी, हे आजही पुष्कळांना चमत्कारिक वाटते. परंतु अशी शंका घेऊन ती तडीस नेल्याचा मोठा दाखला जगासमोर आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक होते. १९९४ मध्ये जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करताना त्यांना उत्तरात किंचित तफावत आढळली. त्यांनी आपला प्रोग्राम तपासला, यंत्राचे इतर भाग तपासले, एकेक शक्यता वगळत काही महिने घालवले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस लिहून कळवले की दोष खुद्द पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात आहे. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२ यायला हवे. तो प्रोसेसर १.३३३७४ देत असे. डिसेंबरात इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले, आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले. अनेक सुशिक्षित माणसे तेच यंत्र वापरीत होती. तफावतीचा पाठपुरावा शेवटपर्यंत करणारे मात्र नाइसलीच निघाले.

दुसरा दाखला हिशेबी माणसाला अधिक रुचेल. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्स विभागातील स्कारबेक या नगरपालिकेत यंत्रावर मतमोजणी होती. एका उमेदवार बाईंना मिळालेली मते शक्य त्या संख्येहून अधिक निघाली, म्हणून फेरमोजणी केली. फरक नेमका ४०९६ मतांचा. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणकाच्या स्मृतीत संख्या शून्य आणि एक यांच्या ओळीने लिहिलेली असते. त्या ओळीत एकाच जागी शून्याचा एक झाला, तर फरक बरोबर एवढा पडतो. तो का झाला हे सिद्ध झाले नाही. अवकाशातून येणाऱ्या किरणांचा आघात झाला असावा असा तर्क तेव्हा मांडला गेला. म्हणूनच मोठ्या सर्व्हरांत निराळ्या जातीची रॅम बसवतात. तीत ६४ बिटांमागे ८ बिट केवळ पडताळ्यासाठी ठेवलेले असतात. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज मांडून ठेवावी तसे. एका बिटाची चूक ती जागच्या जागी सुधारते आणि दोन बिटांची चूक झाली तर निदान ओरडते. घरगुती यंत्रांत ही सोय सहसा नसते.

५ मार्चपासून पेढीचा संगणक तपासासाठी बाजूला काढला गेला, आणि पेढी सहा दिवस कागदावर चालली. अण्णा पुन्हा गादीवर बसले. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला पेन, मांडीवर रोजमेळ. लिलावाहून आलेल्या चिठ्ठ्यांवरून ते पट्ट्या हातांनी लिहू लागले: वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ देणे. पहिल्या दिवशी हात थरथरत होता. तिसऱ्या दिवशी अक्षर जुन्या वहीतल्यासारखे पडू लागले. एका वृद्ध शेतकऱ्याने पट्टी हातात घेऊन दोनदा वाचली आणि "बऱ्याच वर्सांनी तुमच्या हातची मिळाली" असे म्हणून ती दुमडून टोपीत ठेवली. वडिलांना आतापर्यंत वाटत असे की संगणकाविना पेढी एक दिवसही चालणार नाही. ती चालली. मात्र रात्री साडेअकरापर्यंत दिवे जळत राहिले, हेही खरे.

इकडे घरी रात्रीची चाचणी सुरू झाली. विंडोजमधील छोट्या चाचणीत काही सापडले नाही. अधूनमधून होणारा दोष अशा चाचणीतून पुष्कळदा निसटतो. मग तिने मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतला. हा विंडोज सुरू न करता थेट चालतो. स्मृतीच्या प्रत्येक जागी ठरावीक आकडे लिहितो, पुन्हा वाचतो, आणि काय लिहिले होते व काय वाचले गेले ते दाखवतो. दोन्ही पट्ट्या लावून चाचणी सुरू केली, आणि वीस मिनिटांत पडद्यावर लाल ओळी उमटल्या. ती ओळ पाहून तिला हायसे वाटले, हे सांगितले तर कोणाला विचित्र वाटेल. पण पाच आठवडे अंधारात चाचपडणाऱ्याला भिंत लागली तरी बरे वाटते.

एवढ्यावर वडील उठून दुकानदाराकडे निघाले होते. सुटे भाग विकणाऱ्या त्या दुकानदाराने आधी फोनवर सांगितले होते की, यंत्र तुम्ही जोडले, तेव्हा जबाबदारी तुमची. ते शब्द वडिलांच्या मनात सलत होते. अण्णांनी त्यांना थांबवले. "अजून पट्टी खोटी की जागा खोटी, ते ठरलंय कुठं?" तराजूत फरक वाटला तर चांगला व्यापारी समोरच्याला खोटे ठरवण्याआधी पारडी बदलून पाहतो. माल या पारड्यातून त्या पारड्यात घातला आणि तूट मालाबरोबर गेली, तर माल कमी. तूट पारड्याशीच राहिली, तर तराजूला पासंग आहे. इथेही तेच करायचे होते.

एक शंका मुलीची स्वतःविषयीही होती. रॅम ३२०० या वेगाने चालावी म्हणून तिने बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सोय चालू केली होती. वेष्टनावर छापलेला वेग मिळावा म्हणून ही सोय असते. पण तीत रॅमला नेहमीच्या १.२ व्होल्टऐवजी १.३५ व्होल्ट मिळतात, आणि हा एक प्रकारे ठरलेल्या मापापेक्षा जास्त जोर लावणेच आहे. नव्या यंत्रांतील निळ्या पडद्यांमागे हे कारण वारंवार असते. म्हणून दुसऱ्या रात्री तिने फक्त ही एकच सोय बंद केली आणि रॅम संथ वेगाने चालवली. लाल ओळी कमी झाल्या, गेल्या नाहीत. तिच्या निवडीचा दोष नव्हता, निदान सगळा नव्हता.

पुढच्या चार रात्री पारडी बदलण्याच्या. पहिली पट्टी एकटीच, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत: चार फेऱ्या, एकही चूक नाही. दुसरी पट्टी त्याच खाचेत: पहिल्याच फेरीत चुका. मग दुसरी पट्टी चौथ्या खाचेत: पुन्हा चुका, आणि दर वेळी तोच एक बिट उलटलेला. शेवटी पहिली पट्टी चौथ्या खाचेत: स्वच्छ. एकेका चाचणीला कित्येक तास लागत, म्हणून ती रात्री लावून झोपे आणि पहाटे उठून पाही. प्रत्येक वेळी पडद्याचे छायाचित्र, आणि वहीत एक ओळ. वहीच्या चार ओळींवरून आता शाळकरी मुलालाही सांगता आले असते की तूट दुसऱ्या पट्टीबरोबर फिरते आहे.

या दरम्यान १ मार्चचा बॅकअप कर सल्लागारांच्या संगणकावर उघडून, एकेका खात्याचा उतारा मूळ बिलांशी ताडून पाहिला गेला. हे काम वडिलांनी आणि चुलत भावाने मिळून केले. नऊ आठवड्यांच्या नोंदी होत्या. सारे जुळले, एक खाते सोडून. तिथे ३६०० रुपयांची तूट. वडील म्हणाले, झाले, यंत्राने खाल्ले. मुलीने कागदावर आकडेमोड केली. एक बिट उलटून फरक पडला असता तर तो बहुधा दोनाच्या घाताचा असता: १०२४, २०४८, ४०९६. ३६०० हा तसा आकडा नाही. अण्णांनी मान वर न करताच म्हटले, "नवानं भाग जातोय बघ." बिल काढले. रक्कम ४७,३५० होती. टंकताना ४३,७५० पडली होती. नोंद वडिलांच्या हातची. यंत्र त्यात निर्दोष होते. वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि नोंद दुरुस्त केली. चुलत भाऊ मोठ्याने हसला, मग इतरही. फेब्रुवारीचे विवरणपत्र कर सल्लागारांच्या संगणकावरूनच १० तारखेला भरले गेले.

दुकानदाराकडे मुलगी स्वतः गेली, सोबत अण्णा. तिने भांडण काढले नाही. लाल वही काउंटरवर उघडी ठेवली आणि छायाचित्रे दाखवली. दुकानदार पहिल्यांदा उभ्यानेच पाहत होता, मग त्याने खुर्ची ओढली. चार ओळी त्याने बोट फिरवून वाचल्या. त्याचा सूर बदलला. दोन्ही पट्ट्या जोडी म्हणून विकलेल्या असल्याने परतही जोडीनेच पाठवाव्या लागतात, त्याला तीन आठवडे लागतील, तोवर काम अडू नये म्हणून तो स्वतःजवळची एक पट्टी वापरायला देईल, असे तो म्हणाला. बाहेर पडल्यावर पुतणीने विचारले, की त्याने आधी फोनवर तसे का सांगितले असेल. अण्णांनी त्याची बाजू घेतली. पोत्यात नळी खुपसून नमुना काढतात तेव्हा नळीला लागेल तेवढीच हळद दिसते. तळाचे एखादे कुजके हळकुंड कोणत्या अडत्याला आधी दिसते? त्याच्याकडे रोज दहा जण नुसते संतापून येत असतील, त्यांतल्या आठांचे यंत्र त्यांनीच बिघडवलेले असेल. अण्णांचा हा हिशेब थोडा उदार होता, असे वाटते; गिऱ्हाईक खरे की खोटे हे न पाहता हात झटकणे कुठल्याच धंद्यात शोभत नाही. पण पन्नास वर्षे गिऱ्हाईक सांभाळलेल्या माणसाचे ते मत होते.

नवी जोडी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. मुलीने ती बसवून लगेच काम सुरू केले नाही. आधी एक्सएमपी बंद ठेवून एक रात्र, मग चालू करून दुसरी रात्र, अशा दोन चाचण्या लावल्या. दोन्ही स्वच्छ निघाल्यावर विंडोज पुन्हा नव्याने घातले, कारण आधीचे त्या डागाळलेल्या वहीवरूनच उतरले होते. मोठ्या फाइलची छाप दहा वेळा काढली. दहाही सारख्या. त्यानंतर कर सल्लागारांकडून तपासलेला हिशेब आणला, आणि अण्णांच्या रोजमेळातील नोंदी घालायला सुरुवात झाली. अण्णा शेजारी बसून वाचत होते, ती टंकत होती. वडील मागे उभे राहून प्रत्येक पाचव्या नोंदीला "पुन्हा सांगा" म्हणत होते.

आता बॅकअप दोन ठिकाणी राहतो, एक घरी आणि एक मिरजेला मावशीकडे, आणि महिन्यातून एकदा त्यांतील एक दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर उघडून पाहिला जातो. ते काम चुलत भावाकडे आहे.